मोठ्या गाडीचं खरं ॲव्हरेज: मोजायचं कसं आणि वाढवायचं कसं

मोठी एसयूव्ही घेतली की बिल्डिंगमधला, ऑफिसमधला, लग्नात भेटलेला प्रत्येक जण एकच विचारतो, किती देते? आणि उत्तरं ऐकाल तर डोकं फिरेल, एक जण म्हणतो माझी फॉर्च्युनर हायवेला पंधरा देते, त्याच मॉडेलवाला दुसरा म्हणतो आठच्या वर जातच नाही. दोघंही खोटं बोलत नसतात. एकाने उतारावर स्क्रीनवर दिसलेला आकडा लक्षात ठेवलाय आणि दुसऱ्याने संध्याकाळी सातच्या ट्रॅफिकमधला. नीट मोजलेला आकडा फार कमी लोकांकडे असतो आणि मला हे मनापासून खटकतं, कारण महिन्याला दहा-पंधरा हजाराचं डिझेल जाळणारा माणूस घरातल्या किराण्याचा हिशोब ठेवतो पण गाडीचा ठेवत नाही. ज्यांच्याकडे सफारी, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, इनोव्हा, व्ही-क्रॉस असल्या दोन टनाच्या आसपासच्या गाड्या आहेत किंवा घरात ट्रकचा धंदा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कंपनीच्या आकड्याचं बघू. जाहिरातीत जो एआरएआयचा आकडा येतो ती एआरएआय म्हणजे आपल्या पुण्यातली वेताळ टेकडीवरची संस्था, १९६६ पासूनची. तिथे किंवा तसल्याच मान्यताप्राप्त ठिकाणी गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवतात, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात त्याला. एकूण १,१८० सेकंदांची टेस्ट, म्हणजे वीस मिनिटं पण नाही, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, सरासरी स्पीड तिशीच्या घरात आणि जास्तीत जास्त स्पीड ९०. एसी बंद. खड्डा नाही, घाट नाही, मागे सात माणसं आणि गणपतीला गावी चाललेलं सामान नाही. तुम्ही एक्सप्रेसवेला १०० ने आणि समृद्धीला १२० ने जाणार, एसी फुल, मग तो आकडा कुठून येणार?

तरी आकडा फेकून देऊ नका, कारण सगळ्या गाड्यांची टेस्ट सारखीच असते त्यामुळे दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला तो उत्तम आहे. उदाहरणार्थ २०२३ च्या फेसलिफ्टनंतरच्या सफारी डिझेलला मॅन्युअलमध्ये १६.३ आणि ऑटोमॅटिकमध्ये १४.५ असा आकडा आहे, म्हणजे ऑटोमॅटिकची सोय घेतली की बारा-साडेबारा टक्के जास्त डिझेल जाणार एवढं त्यातून पक्कं कळतं. अमेरिकेत गाडीवर जो स्टिकर असतो तो बराच खऱ्याच्या जवळ जातो कारण २००८ पासूनच्या मॉडेल्सना तिथे जास्त स्पीड, एसी चालू आणि थंडी अशा वेगळ्या टेस्ट पण धरतात. तिकडचे नातेवाईक "आमची शेवरोले टाहो वीस देते" म्हणाले तर ते मैल भागिले गॅलन असतं हे लक्षात घ्या, आपल्या हिशोबात ते साडेआठच झालं.

मोजायचं कसं

पद्धत जुनीच, टाकी फुल टू फुल. पण लोक त्यात घाई करतात आणि आकडा बिघडतो म्हणून जरा तपशिलात सांगतो.

एक पंप ठरवून टाका, शक्य असेल तर त्यातलं मशीन पण. गाडी सपाट जागेवर उभी आहे ना ते बघा, मोठ्या टाकीत गाडी एका अंगाला कललेली असली तर दोन-तीन लिटर इकडेतिकडे सहज होतं. मशीनवर झिरो बघा. मग पंपवाल्या दादाला आधीच सांगा की ऑटो कटला थांबायचं, राउंड फिगर करायची नाही. हे सांगावंच लागतं कारण आपल्याकडे ३,४५२ रुपयाला कट झालं की हात आपोआप ३,५०० कडे जातो. डिझेल वेगात भरलं की फेस येतो आणि फेस नोझलला लागून मशीन लवकर कट मारतं, म्हणून स्लो स्पीडला भरायला सांगा आणि पहिला कट झाला की दोनेक मिनिटं थांबून एकदा परत कट होईपर्यंत भरा, बस, त्यापुढे नाही. पेट्रोल गाडी असेल तर पहिल्या कटलाच थांबा, गळ्यापर्यंत भरलं तर पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा जो कॅनिस्टर असतो त्यात पेट्रोल जातं आणि तो खराब होतो. डिझेलला दोन कट, पेट्रोलला एक, आणि दर वेळी अगदी तसंच, सगळी गंमत त्या "तसंच" मध्ये आहे.

आता ट्रिप मीटर झिरो करा आणि विसरून जा. ॲव्हरेज मोजतोय म्हणून जपून चालवू नका, रोजची चालवता तशीच चालवा. टाकी पाव राहिली की त्याच पंपावर, त्याच पद्धतीने फुल करा. समजा ट्रिप मीटरला ६१२.४ किलोमीटर दिसतायत आणि ५१.३ लिटर बसलं, तर ६१२.४ भागिले ५१.३, म्हणजे ११.९. हे तुमचं त्या टाकीचं ॲव्हरेज.

त्या टाकीचं म्हणतोय कारण एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही. फुल करताना दोन लिटरची चूक झाली आणि तुम्ही वीसच लिटर भरलं असेल तर चूक झाली दहा टक्के, साठ लिटर भरलं असेल तर सव्वातीन टक्के. म्हणून टाकी जेवढी रिकामी करून भराल तेवढा आकडा पक्का, आणि सलग पाच-सहा टाक्यांचे सगळे किलोमीटर एकत्र आणि सगळे लिटर एकत्र करून एकदाच भागाकार केला तर मधल्या चुका एकमेकीत मिटून जातात. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेऊ नका, ते गणित चुकतं, बेरीज भागिले बेरीज हेच बरोबर. मोबाईलमध्ये साधी नोट पुरते: तारीख, ओडोमीटर, लिटर, आणि एक शब्द की शहर, हायवे, घाट, पाऊस, फुल लोड. सहा महिन्यांनी तो एक शब्दच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

स्क्रीनवरच्या आकड्याचं काय? बहुतेक गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, पाच-सात टक्के तर सर्रास. पण गंमत अशी की एका गाडीत तो साधारण तेवढाच चुकतो, त्यामुळे चार-पाच टाक्यांत तुमच्या गाडीची चूक किती हे कळलं की पुढे स्क्रीन बघून मनातल्या मनात तेवढं वजा करायचं. पण स्क्रीनचा ताबडतोबवाला आकडा, म्हणजे उतारावर ३० आणि चढावर ४ दाखवणारा, तो कुणालाही सांगू नका.

एक गोष्ट फार जण विसरतात, ती म्हणजे टायर बदलल्यावर ओडोमीटर खोटं बोलायला लागतं. फॉर्च्युनरच्या टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलला कंपनीचं २६५/६५ आर१७ मापाचं टायर असतं. त्या जागी दणकट दिसतात म्हणून २८५/७० आर१७ टाकले तर चाकाचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटरवरून ८३१ वर जातो, सात टक्के मोठं चाक. म्हणजे गाडी खरी १०७ किलोमीटर गेली तरी मीटर १०० च दाखवणार. हा माणूस मग म्हणतो ॲव्हरेज पार पडलं. थोडं पडलेलं असतंच, ते टायर जड आणि रुंद आहेत, पण त्यातले सात टक्के नुसते मीटरचे आहेत. हायवेचे किलोमीटरचे दगड किंवा मोबाईलचं जीपीएस लावून सरळ रस्त्यावर पन्नास किलोमीटर मोजा आणि तो फरक हिशोबात धरा. स्पीडोमीटर पण तेवढाच कमी दाखवतो बरं का, चलनाची पावती येते ती अशी.

पंपावर माप कमी मिळतंय अशी शंका असेल तर भांडत बसू नका, पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर असावंच लागतं आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटर इकडेतिकडे चालतं, त्याच्यावर कमी असेल तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते.

आकडा उलटा करून बघा

किलोमीटर भागिले लिटर हा आकडा मोठ्या गाडीच्या बाबतीत फसवा आहे आणि हे प्रत्येकाने एकदा कागदावर करून बघावं. एक जण छोटी गाडी १६ वरून २० ला नेतो आणि पार्टी देतो. दुसरा मोठी गाडी ८ वरून १० ला नेतो, त्याला वाटतं दोनच तर वाढले. आता हजार किलोमीटरचं डिझेल काढा. पहिल्याचं ६२.५ वरून ५० झालं, वाचलं साडेबारा लिटर. दुसऱ्याचं १२५ वरून १०० झालं, वाचलं पंचवीस लिटर, बरोब्बर दुप्पट. म्हणून युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात आणि मला तेच पटतं. तुमचं ११.९ म्हणजे शंभराला ८.४ लिटर. गाडी जेवढी जास्त खाणारी, तेवढा एकेक किलोमीटरचा सुधार महाग, आणि म्हणूनच "आपल्या गाडीला काय फरक पडतो" असं सगळ्यात जास्त म्हणणारे जे मोठ्या गाडीवाले आहेत त्यांनाच सगळ्यात जास्त फरक पडतो.

हायवेला वारा, शहरात वजन

मोठ्या गाडीचं तेल दोन ठिकाणी जातं. हायवेला ते हवा कापण्यात जातं आणि शहरात दोन टन लोखंड परत परत हलवण्यात. उपाय दोन्हीकडे वेगळे आहेत, पण लोक शहरातला उपाय हायवेला आणि हायवेचा शहरात करत बसतात.

हायवेचं आधी. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की विरोध छप्पन टक्क्यांनी वाढला, १२० ला गेलात की सव्वादोन पट झाला. छोट्या हॅचबॅकला पण हाच नियम आहे, पण फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ म्हणजे उभी भिंत, तिचा समोरचा आकार मोठा आणि नाक पण सरळ, त्यामुळे तिला हा मार जास्त बसतो.

समृद्धीचं उदाहरण घ्या, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून अख्खा रस्ता खुला आहे, आणि सपाट भागात गाड्यांना १२० ची परवानगी. १०० च्या स्पीडने सलग गेलात तर सात तास, १२० ने पाच तास पन्नास मिनिटं. धरा की तुमची गाडी १०० ला बाराचं ॲव्हरेज देते आणि १२० ला साडेनऊचं, मोठ्या एसयूव्हीला एवढा फरक सहज पडतो. म्हणजे ५८ लिटरच्या जागी ७४ लिटर. नव्वद रुपयाने डिझेल धरलं तर चौदाशे रुपये जास्त आणि मिळाले किती, सत्तर मिनिटं. कुणाला ती सत्तर मिनिटं हवी असतील तर जरूर जा, पण दर वेळी कुणाला तरी गाठायचंच असतं असं नाही, आणि १०० ने जाणाऱ्याला मध्ये पंप शोधायची कटकट पण कमी. सपाट रस्त्याला क्रूझ कंट्रोल लावा, पायापेक्षा ते स्थिर चालवतं. घाटात मात्र ते काढून टाका कारण चढावर स्पीड राखायच्या नादात ते गिअर पाडून इंजिन किंचाळवतं.

टपावरचं कॅरिअर हा माझ्या मते सगळ्यात मोठा चोर आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे आहेत, टपावर मोठी पेटी असेल तर शहरात दोन ते आठ टक्के, आणि १०५ ते १२० च्या स्पीडला दहा ते पंचवीस टक्के इंधन जास्त जातं. दिवाळीत गावी जाताना बांधलेलं कॅरिअर होळीपर्यंत तसंच टपावर असतं, रिकामं. काढा ते. पुढचं बुल बार तर काढाच, एक तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्याच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, दुसरं म्हणजे धडक झाली की एअरबॅगच्या सेन्सरचं काम ते बिघडवतं. हायवेला एसी लावू की काचा उघडू असं विचाराल तर सत्तर-ऐंशीच्या वर एसीच लावा.

शहरात वारा विसरा, तिथे ब्रेक म्हणजे पैसे. दोन-सव्वादोन टनाची गाडी पन्नासला न्यायला जे डिझेल जळलं ते सिग्नलला ब्रेक दाबला की गरम होऊन हवेत गेलं, आणि पुढच्या सिग्नलला तेच परत. लांबूनच लाल दिसला तर पाय आधीच काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. आताच्या इंजिनांत गिअरमध्ये पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन पूर्ण बंद होतं, न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जातच राहतं. पुढच्या गाडीपासून चार हात जास्त अंतर ठेवलं की अर्धे ब्रेक लागतच नाहीत. अमेरिकेच्या त्याच आकड्यांप्रमाणे आडदांड चालवलं की थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये दहा ते चाळीस टक्के इंधन वाया जातं. चाळीस! कुठलंही महागडं तेल किंवा ॲडिटिव्ह एवढं वाचवून देत नाही.

मुलांच्या शाळेबाहेर एसी लावून अर्धा तास गाडी चालू ठेवणाऱ्यांनी हे पण बघा, मोठं डिझेल इंजिन एसीसकट जागेवर उभं असताना तासाला एक लिटरच्या आसपास खातं आणि किलोमीटर शून्य.

घाट

मुंबई-पुणे करणाऱ्यांची कायमची तक्रार, मुंबईला जाताना चौदा देते आणि पुण्याला येताना अकरा, गाडीत काहीतरी गडबड आहे. गडबड काही नाही, बोरघाट आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या जवळ, म्हणजे साडेपाचशे मीटर गाडी उचलायची. माणसं-सामान धरून अडीच टन गाडी तेवढी उचलायला जी ऊर्जा लागते ती काढली तर साडेतेरा मेगाज्यूल येते. एक लिटर डिझेलमध्ये छत्तीसच्या आसपास असते पण चाकापर्यंत पोचते जेमतेम तिसरा हिस्सा. हिशोब सव्वा लिटरच्या आत-बाहेर येतो, नुसतं उचलायला. एक्सप्रेसवेच्या ९४ किलोमीटरला एरवी सात-साडेसात लिटर लागत असेल तर त्यात हे सव्वा म्हणजे पंधरा टक्क्यांच्या वर झालं. पुणं स्वतःच साडेपाचशे मीटर उंचीवर बसलंय त्यामुळे पुण्याकडे येताना ते परत मिळत नाही, मुंबईकडे उतरताना मिळतं. म्हणून अशा रस्त्याचं ॲव्हरेज नेहमी जाऊन-येऊन मोजायचं, एकेरी नाही. महाबळेश्वर, आंबोली, कसारा, सगळीकडे हेच.

चढाला काय करायचं तर घाट सुरू व्हायच्या आधीच स्पीड बांधून घ्या, वरच्या गिअरमध्ये इंजिन दमेपर्यंत ओढू नका आणि किंचाळवू पण नका, डिझेलला १,६०० ते २,२०० आरपीएमच्या दरम्यान ताकद असते तिथे ठेवा.

उताराला मात्र एक गोष्ट हात जोडून सांगतो, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका आणि इंजिन तर अजिबात बंद करू नका. वर सांगितलं तसं गिअरमध्ये उतरताना इंधन जातच नाही, म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही, आणि इंजिन बंद केलं की ब्रेकची आणि स्टीअरिंगची मदत जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना माहिती आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकत नेल्या होत्या, आणि त्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं हे कारण परत परत पुढे आलंय. ट्रकमध्ये तर हवेचे ब्रेक, इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, थोड्या वेळा ब्रेक दाबला की हवा संपली.

टायर, फिल्टर, डीपीएफ, इथेनॉल

हवा सकाळी टायर थंड असताना चेक करा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्याप्रमाणे. प्रत्येक एक पीएसआय कमी हवेला साधारण ०.२ टक्के इंधन जास्त जातं, म्हणजे दहा पीएसआय कमी असलेली गाडी दोन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं पण हे फुकट आहे, आणि समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर कमी हवेचं टायर तापून फुटतं ते वेगळंच. जंगलात किंवा चिखलात जात नसाल तर ते गोट्या-गोट्यांचे मड टायर शहरात घालून फिरू नका, आवाज पण आणि खर्च पण. फोर बाय फोरचं पण तेच, पार्ट टाइम सिस्टीम असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर टू एचमध्येच, म्हणजे दोनच चाकांना ताकद जाते त्या मोडमध्ये ठेवा, नाहीतर इंधन सोडा, गिअरबॉक्सला त्रास आहे.

एअर फिल्टर बदलल्याने आताच्या गाडीचं ॲव्हरेज फारसं हलत नाही, पिकअप सुधारतो. धुळीसाठी वेळेवर बदला एवढंच.

बीएस६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत डीपीएफ असतं, सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतः जास्तीचं डिझेल वापरून ती काजळी जाळते. त्या वेळी आयडल आरपीएम थोडं वाढतं, फॅन जोरात फिरतो, स्क्रीनवरचं ॲव्हरेज खाली येतं, आणि लोक घाबरून गाडी बंद करतात. मग काम अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू होतं, परत जास्तीचं डिझेल. तुमची गाडी रोज घर-ऑफिस तीन-चार किलोमीटरच चालत असेल तर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर साठच्या वर सलग चालवा. आणि खरं सांगू का, ज्याचं रोजचं रनिंग एवढं कमी आहे त्याने मोठी डिझेल घेऊच नये, हे शोरूमवाला सांगणार नाही.

पेट्रोल मोठ्या गाडीवाल्यांना इथेनॉलचा विषय आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी. २० टक्के मिसळलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी येते, आणि आधी जे १० टक्केवालं मिळायचं त्याच्याशी तुलना केली तर साडेतीन टक्के कमी. म्हणजे आधी दहा देणारी गाडी आता नऊ पॉइंट सहा-सात देत असेल तर ते इंधनाचंच आहे, मेकॅनिककडे पैसे घालू नका. दहाची आठ झाली असेल तर मात्र दुसरं काहीतरी आहे, आधी हवा आणि एखादं चाक घासतंय का बघा. दहा किलोमीटर चालवून सगळी चाकं हाताने चाचपा, एखादं जास्तच गरम लागलं तर ब्रेक चिकटतोय.

ट्रकवाल्यांसाठी

आमच्या नात्यात ट्रकचा धंदा आहे, तिथे ॲव्हरेज हा गप्पांचा विषय नसतो, कारण भाड्यातला सगळ्यात मोठा खर्च डिझेल. पण तिथे पण किलोमीटर भागिले लिटरवर भांडणं होतात ती चुकीची. सोळा टायरची गाडी ३ देते आणि सहा टायरची साडेपाच, म्हणून सहा टायर बरी असं होत नाही. टन पण धरा. मोठीत ३४ टन माल असेल तर एक टन माल एक किलोमीटर न्यायला दहा मिलिलिटरच्या आत डिझेल लागलं. छोटीत १० टन असेल तर अठरा मिलिलिटर. आणि पिकअपमध्ये दीड टन घालून १३ च्या ॲव्हरेजने गेलात तर एक्कावन्न. माल भरपूर आणि एकाच ठिकाणचा असेल तर मोठी गाडीच स्वस्त, पण परतीला रिकामी येणार असेल तर हे गणित बरंच बदलतं, म्हणून येताना-जाताना दोन्ही मिळून टन-किलोमीटर काढा.

बोरघाटाचं मगाचं गणित चाळीस टनाला लावलं तर नुसतं वर उचलायला अठरा-वीस लिटरच्या आसपास जातं. हे लक्षात न घेता मालक पुण्याच्या खेपेचं आणि सुरतेच्या खेपेचं ॲव्हरेज एकाच फूटपट्टीने मोजतो आणि ड्रायव्हरवर डिझेल चोरीचा आळ घेतो, हे मी डोळ्याने बघितलंय आणि ते बरोबर नाही. प्रत्येक रूटचा भरलेल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा वेगळा आकडा ठरवा, त्यासाठी पहिल्या काही खेपा नुसत्या मोजा, काहीही न बोलता.

चालवताना आरपीएमच्या काट्याचा हिरवा पट्टा सोडायचा नाही. टाटाच्या बऱ्याच ट्रकमध्ये लाइट, मीडियम, हेवी असं तीन मोडचं बटण असतं, रिकामी गाडी हेवीत चालवायची काही गरज नसते पण बटण एकदा हेवीला गेलं की महिनोन्महिने तिथेच राहतं. ताडपत्री ताणून बांधा, फडफडणारी ताडपत्री आणि केबिनच्या वर डोकावणारा माल वारा अडवतो. सुकं गवत, कापूस, थर्माकोल असला हलका पण उंच माल असेल तर वजन कमी असूनही ॲव्हरेज पडतं ते ह्यामुळेच, आणि अशा खेपेला साठ-पासष्टने गेलेलं परवडतं.

वाचलेल्या डिझेलच्या पैशातला अर्धा हिस्सा ड्रायव्हरला त्याच महिन्याच्या पगारात द्या, रोख, हिशोबाचा कागद दाखवून. लिटर तो त्याच्या वहीत लिहील, किलोमीटर तुम्ही जीपीएसवर बघाल, आणि दोन्ही आकडे त्याच्यासमोर बसून जुळवा.